निवडणुकीआधी एका सतरंजीवर: महाराज, मौलाना, भंते यांच्या बैठकीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात निवडणूक लागली की पहिला फोन गावच्या पुढाऱ्याला जातो आणि दुसरा महाराजांना. सप्ताहाचा मंडप, उरुसाची चादर, जयंतीची कमान यातलं काहीतरी अचानक फुकट मिळायला लागतं. अशा दिवसांत तालुक्यातले कीर्तनकार, मौलाना, भंते, फादर, जंगम स्वामी, ग्रंथी, महानुभाव महंत यांनी एकत्र बसावं आणि निवडणुकीत न्याय-अन्यायाचं काय होतंय यावर बोलावं, म्हणून आम्ही काही मंडळी बैठका घडवून आणतो. प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात, काही बैठकीत, काही रात्री अकराला फोनवर. उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

बैठकीत नेमकं करायचं काय?

तीन-चार तास बसायचं. आपापल्या गावात या निवडणुकीत काय चाललंय ते सांगायचं, कोणते प्रश्न उमेदवारांनी टाळू नयेत ते ठरवायचं आणि आपण स्वतः काय करणार नाही याची कबुली एकमेकांसमोर द्यायची. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कोणाला मत द्यायचं हा विषय या सतरंजीवर येत नाही. कोणी आणला तर त्याला चहा द्यायचा आणि विषय बदलायचा.

धर्माच्या माणसानं राजकारणात पडावंच कशाला?

हा प्रश्न मराठवाड्यात विचारला जातो याची गंमत वाटते. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राज्यातून सुटलो, त्या लढ्याचं नेतृत्व एका संन्याशानं केलं. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकवत होते, पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे पुढारी झाले आणि १९५७ साली औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून गेले. भगवी वस्त्रं होती, पण भगव्या वस्त्राकडे बघून मत द्या असं ते म्हणाले नाहीत. त्याच्याही मागे गेलात तर पैठणला नाथ महाराजांनी हिंदू आणि तुर्क यांचा वाद लिहिला. दोघं एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि शेवटी गळाभेट घेतात. तेव्हा पडावं की नाही हा प्रश्न जुना झाला. कसं पडावं यावर मात्र बोलायला हवं, कारण २०२४ च्या विधानसभेला काही मौलानांनी उमेदवारांना नाव घेऊन पाठिंबा दिला आणि काही महाराज प्रचाराच्या व्यासपीठावर पहिल्या रांगेत बसले. दोन्हीकडच्या भाविकांना ते आवडलं. आम्हाला दोन्ही पटलं नाही.

कायद्यात बसतं का हे?

बैठक घेणं, प्रश्नांवर बोलणं, मतदान करा म्हणणं यात काहीच अडचण नाही. अडचण कुठं सुरू होते ते नीट समजून घ्या.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२३ म्हणजे भ्रष्ट आचारांची यादी. त्यातलं उपकलम ३ धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत मागायला किंवा मत देऊ नका म्हणायला मनाई करतं. पूर्वी वाद होता की हा धर्म फक्त उमेदवाराचा धरायचा की मतदाराचाही. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं सांगितलं की उमेदवाराचा, त्याच्या प्रतिनिधीचा आणि मतदाराचाही. हा खटला १९९० च्या सांताक्रूझच्या निवडणुकीतला, म्हणजे निकाल लागेपर्यंत सव्वीस वर्षं गेली. अल्पमतातल्या तिघांची काळजी अशी होती की एखाद्या जातीवर पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अन्यायाबद्दल बोलणंही यानं बंद होऊ नये. ती काळजी आमचीही आहे. म्हणून आम्ही सांगतो: अन्यायाबद्दल मोकळेपणानं बोला, त्याला मताचं शेपूट जोडू नका.

दुसरं कलम तुम्हाला थेट लागू पडतं आणि त्याबद्दल फार कमी जणांना माहिती असते. १२३ (२) म्हणतं की अमक्याला मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल, असं मतदाराच्या मनात भरवणं हा गैरवाजवी दबाव आहे. भारतीय न्याय संहितेत कलम १७१ तेच सांगतं, आणि लोकप्रतिनिधित्व कायदा लोकसभा-विधानसभेपुरता असला तरी संहितेचं कलम ग्रामपंचायतीलाही चालतं. उमेदवाराच्या संमतीनं असं झालं असेल तर निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका होऊ शकते. आपल्याकडच्या याचिका औरंगाबाद खंडपीठात जातात.

मंदिरात, मशिदीत, विहारात बैठक घेतली तर चालेल?

नको. १९८८ चा एक कायदा आहे, धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा. धर्मस्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरली किंवा वापरू दिली तर संस्थेच्या व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमची बैठक राजकीय नाही असं तुम्ही म्हणाल, ते खरंही असेल, पण आचारसंहितेच्या दिवसांत ते पोलीस ठाण्यात बसून सिद्ध करत बसण्यापेक्षा शाळेचा हॉल किंवा मंगल कार्यालय बरं. शिवाय एकाच्या दारात बसलं की दुसरा पाहुणा होतो.

जागेचा हा प्रश्न किती खोल जातो ते बीडकरांना वेगळं सांगायला नको. २०१६ साली भगवानगडावर दसऱ्याला राजकीय भाषण नको अशी भूमिका गडाच्या महंतांनी घेतली, केवढा गदारोळ झाला. पुढच्या वर्षीपासून पंकजा मुंडे यांचा दसरा मेळावा सावरगाव घाटला भरायला लागला. कोण बरोबर, कोण चूक यावर आजही गावोगाव दोन तट आहेत. पण गड आणि व्यासपीठ वेगळं असावं हा मुद्दा तेव्हा मराठवाड्यातल्या पोरासोरांपर्यंत पोचला.

कीर्तनात किंवा जुम्म्याच्या बयानात काय बोललं तर चालतं?

नमुनाच देतो. "मत विकू नका" चालतं. "पोरीचं लग्न अठराच्या आत लावणाऱ्याच्या मांडवात जो पुढारी अक्षता टाकायला येतो, त्याला जाब विचारा" हेही चालतं, सगळ्यांनाच लागू असेल तर. "आपल्या माणसालाच निवडून आणा" यातला "आपल्या" हा शब्द तुम्हाला अडकवतो. "धर्म वाचवायचा असेल तर बटण कोणतं ते तुम्हाला माहीत आहे" हे तर नाव न घेता नाव घेणंच झालं. समोरचा मतदार हुशार असतो, आणि व्हिडिओ काढणारा त्याच्याहून हुशार.

एक सोपी परीक्षा आहे. तुम्ही बोलताय तेव्हा समोर दोन विरोधी उमेदवारांचे बाप शेजारी शेजारी बसलेत असं समजा. दोघांनाही उठून जावंसं वाटणार नाही असं बोला.

आणि मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत हा विषयच बंद ठेवा. त्या वेळात प्रचाराच्या सभेला कलम १२६ नं मनाई आहे. तुमचं कीर्तन म्हणजे सभा नव्हे, पण त्या दोन रात्री गावात कान फार तिखट झालेले असतात.

कोणते सामाजिक प्रश्न घ्यायचे?

गावागणिक वेगळे. पण मराठवाड्यात फिरून फिरून येणारे तीन-चार आहेतच.

पहिला ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणी, धाराशिवातून कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दोघांची मिळून, आणि कामाला दांडी मारली की खाडा, म्हणजे दंड. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू. आता तुम्हीच हिशोब करा. सैनिकाला टपाली मत आहे, पंच्याऐंशीच्या पुढच्यांना आणि दिव्यांगांना घरून मतदानाची सोय आहे, पण सांगलीच्या फडात कोपी टाकून बसलेल्या बाईला यातलं काहीच नाही. कलम १३५ ब प्रमाणे मजुरालाही मतदानाच्या दिवशी पगारी सुटी आहे, कागदावर. मजुरांची टोळी नेणारा मुकादम टेम्पो करून आणतो तेव्हा भाडं कोण भरतो ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि उमेदवाराच्या खर्चानं मतदारांची फुकट ने-आण हा कलम १२३ मध्येच भ्रष्ट आचार आहे. याच बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. शासनाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून! एवढी मोठी गोष्ट एकाही कीर्तनात आली नसेल, तर कीर्तनाचं काय करायचं?

दुसरा बालविवाह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या विवाहित-अविवाहित सगळ्या मुलींत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के आणि परभणीत ४८. इथं मात्र उमेदवाराकडे बोट दाखवण्याआधी थांबा. मंगलाष्टका कोणी म्हटल्या? निकाह कोणी पढवला? २००६ च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. एका बैठकीत एका काजींनी साधी गोष्ट सुचवली: आधी शाळेचा दाखला बघायचा, आधार कार्ड नाही, आणि दाखल्याची प्रत आपल्याजवळ ठेवायची. एक भटजीबुवा म्हणाले, "मी नाही लावलं तर दुसरा लावतो." तो दुसरा भटजीही त्याच खोलीत बसला होता. मग जरा वेळ कोणी बोललं नाही, आणि पुढं दोघांनी मिळून ठरवलं की एकानं नाकारलेलं लग्न दुसऱ्यानं घ्यायचं नाही. उमेदवारांना विचारायच्या यादीत बालविवाहाचा प्रश्न गेला तो त्यानंतर.

तिसरा स्मशानाचा आणि गायरानाचा. अजूनही अशी गावं आहेत जिथं दलित वस्तीतल्या माणसाला अग्नी द्यायला पावसात ओढ्याच्या कडेला जागा शोधावी लागते. आमदार-खासदार निवडताना कशाला हा विषय, असं कोणी म्हणालं तर मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या प्रश्नाची आठवण करून द्या. विधिमंडळाचा ठराव १९७८ साली झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं प्रत्येक निवडणुकीनं तो प्रश्न वापरला. सोडवायची वेळ आली की पुढची निवडणूक यायची.

पाणी हा चौथा. त्याबद्दल उमेदवार आपणहोऊन बोलतात, तुम्ही जोर लावायची गरज नाही. फक्त "टँकर कोणाच्या वाड्यासमोर आधी उभा राहतो" एवढं विचारा.

पैसे घेतले, बेलभंडार उचलला, आता मत दुसऱ्याला देता येईल का? लोक हे आम्हाला विचारतात. काय सांगायचं?

आमच्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण हेच आहे. म्हणून जरा सविस्तर.

मतदानाच्या आदल्या दोन रात्रींत जे वाटप होतं, त्याला आपल्याकडं लक्ष्मीदर्शन म्हणतात. नुसते पैसे दिले तर माणूस सगळ्यांकडून घेतो आणि मनाला येईल तिकडं मत टाकतो, हे वाटणाऱ्यालाही कळलंय. म्हणून पैशाबरोबर शपथ येते. खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान हातावर ठेवायचं, किंवा तुळजाभवानीचं कुंकू. मुस्लिम घरात कुराणावर हात ठेवायला लावतात, बौद्ध घरात बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवून "सांग यांच्यासमोर" म्हणतात. पाचशेच्या नोटेला जे जमत नाही ते भंडाऱ्याच्या चिमटीला जमतं. घरातली म्हातारी तर शंभर टक्के अडकते.

जालना जिल्ह्यातल्या एका गावी काल्याचं कीर्तन झाल्यावर एक आजी बुवांच्या पाया पडायला आल्या. उठल्या नाहीत. पदराची गाठ सोडली, आत कागदाच्या पुडीत भंडारा आणि चार घड्या घातलेली नोट. म्हणाल्या, "म्हाराज, सूनबाईला दवाखान्यात न्यायला ज्यानं जीप दिली त्याला मत द्यावं वाटतंय. पर ह्यो दुसऱ्याचा भंडारा हाये. कोप व्हईल का?" बुवांनी भंडारा चिमटीत घेतला, आजीच्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "भंडारा देवाचा, तो तुमच्याकडं राहू द्या. नोट देवाची नाही. तिच्यावर घेतलेली आण देवापर्यंत जातच नाही." एवढंच. कोणाला मत द्यायचं हे आजीनं सांगितलं नाही, बुवांनी विचारलं नाही.

हे वाक्य तहसीलदार बोलू शकत नाही. निवडणूक आयोगाच्या पोस्टरवर लाच घेऊ नका असं छापलेलं असतं, आजीला ते वाचता येत नाही आणि आलं तरी तिचा प्रश्न कायद्याचा नाहीच. तो देवाचा आहे. त्याचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे. लाच देऊन वदवलेली शपथ बांधत नाही, हे प्रत्येकानं आपापल्या धर्माच्या भाषेत, आपापल्या ग्रंथाच्या आधारानं, मतदानाच्या बरंच आधी आणि सगळ्यांसमोर सांगावं. बैठकीत आम्ही यासाठी एक तास राखून ठेवतो: कीर्तनकार कसं सांगतील, मौलाना कसं सांगतील, भंते पंचशीलाच्या अंगानं कसं सांगतील. दर वेळी नवं काहीतरी ऐकायला मिळतं.

एक सावधगिरी. "पैसे घ्या आणि मत मनाला वाटेल त्याला द्या" असं सांगू नका. टाळ्या पडतात, पण लाच घेणाराही गुन्हेगारच आहे, न्याय संहितेचं कलम १७० देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांना धरतं. ज्यांनी घेतले त्यांना हिणवूही नका. ज्या घरी खताची उधारी थकलेली आहे, तिथं पाचशेची नोट परत करा म्हणणं मंडपातल्या माइकवरून फार सोपं असतं.

उमेदवार सभामंडप बांधून देतो म्हणतोय. गावाचं काम होत असेल तर काय बिघडलं?

मताच्या बदल्यात असेल तर ती लाचच, फक्त विटांची. आणि ती एकट्यादुकट्याला न देता गावाला दिली म्हणून तिचा वास जात नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, कारण पदांचा लिलाव झाला होता. उमराण्याची बोली तर मंदिराच्या कामासाठी होती. देवाच्या नावानं लिलाव झाला म्हणून आयोगानं सूट दिली नाही. आपल्याकडं बोली इतकी उघड लागत नाही एवढाच फरक.

सप्ताहाच्या पंगतीचंही तेच. कोणत्याही धर्माचा कार्यक्रम असो, आचारसंहिता लागल्यापासून निकालापर्यंत एकाही उमेदवाराची देणगी, फ्लेक्स किंवा नारळ स्वीकारायचा नाही, असं बैठकीत हात वर करून ठरवा. एकट्या महाराजांना नाही म्हणणं जड जातं. तालुक्यानं ठरवलंय म्हटलं की सुटका होते.

अख्ख्या गावानं एकाला मत द्यायचं ठरवलं आणि न देणाऱ्याला वाळीत टाकायची भाषा झाली तर?

तर तुम्ही गप्प बसायचं नाही. वाळीत टाकण्याची धमकी १२३ (२) मध्ये नावानिशी आहे. जातीतल्या जातीत बहिष्कार टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. दलित-आदिवासी मतदाराला अमक्याला मत दे किंवा देऊ नको म्हणून जबरदस्ती केली तर अॅट्रॉसिटी लागते. पण गुन्हा दाखल होईपर्यंत किराणा बंद, दळण बंद, शेतातली वाट बंद झालेली असते. त्या वेळी महाराज पायी त्या वस्तीवर जाऊन चहा पिऊन आले तर फौजदाराच्या आधी काम होतं. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

२०२३ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनात गावोगाव नेत्यांना गावबंदीचे फलक लागले. तो राग खरा होता, त्यावर इथं निवाडा देत नाही. आमचं म्हणणं एवढंच की वेशीवर अडवण्यापेक्षा पारावर बसवून प्रश्न विचारणं पुढाऱ्याला जास्त जड जातं.

मत गुप्तच असतं ना? मग लोक घाबरतात कशाला?

माणसाचं मत गुप्त असतं, बूथचं नसतं. फॉर्म २० मध्ये प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे जाहीर होतात. तांड्यावर किंवा वस्तीवर स्वतंत्र बूथ असेल तर तिथल्या तीनशे मतांनी काय केलं ते दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळतं, आणि मग विहिरीचा, रस्त्याचा, घरकुलाचा हिशोब निघतो. सगळ्या केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र आणावं असं निवडणूक आयोगानं पूर्वी सुचवलं होतं, ते आलं नाही. तेव्हा "घाबरू नका, मत गुप्त असतं" असं भाषणात ठोकून देऊ नका. लोकांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

उमेदवारांना बैठकीला बोलवायचं का?

पहिल्या बैठकीला नाही. दुसरी घेतलीत तर सगळ्यांना, अपक्षांसह, लेखी पत्र पाठवून, मतपत्रिकेवरच्या क्रमानं. येतील ते येतील. प्रत्येकाला तेच प्रश्न आणि तेवढाच वेळ. हार-शाल कोणालाच नाही. उमेदवारांनी अर्जासोबत दिलेली शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, गुन्हे आणि मालमत्ता दोन्ही. ती सगळ्यांची, एकाच आवाजात, शेरा न मारता वाचून दाखवा. शेरा मारायचा मोह होतोच, विशेषतः मालमत्तेच्या पानावर.

बैठकीत जुन्या जखमा निघाल्या तर?

निघणारच. आपल्याकडच्या प्रत्येक निवडणुकीत रझाकार हा शब्द बाहेर येतो. १९४८ मध्ये जे झालं ते दोन्ही बाजूंच्या घरांत आजही वेगवेगळं सांगितलं जातं. शहरांच्या नावांचं तसंच. आरक्षणावरून मराठा आणि ओबीसी कीर्तनकारांतही आता अंतर पडलंय, हे लपवून काय उपयोग? आमचा अनुभव असा की पहिल्याच तासात इतिहास काढला तर दुपारच्या जेवणापर्यंत निम्मी खोली रिकामी होते. आधी बेलभंडार, दाखला, देणगी या आजच्या गोष्टी घ्या. एकत्र काहीतरी ठरवून झालं की माणसं जुनं ऐकायला थोडी तयार होतात. सूत्रसंचालन बाहेरच्या वक्त्याकडे देऊ नका, गावातल्या निवृत्त मास्तरांकडे द्या. ज्यांनी दोन्हीकडच्या पोरांना छड्या मारल्यात, त्यांचं सगळे ऐकतात.

बायकांना बोलवायचं का?

हा प्रश्न विचारला जातो हेच उत्तर आहे. जनाबाई गंगाखेडच्या. महिला कीर्तनकार, मदरशात शिकवणाऱ्या आपा, सिस्टर, बौद्ध उपासिका यांना श्रोत्या म्हणून नाही, बोलायला बोलवा. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातली एखादी एकल महिला असेल तर तिला सगळ्यात आधी बोलू द्या. आणि चहाचा ट्रे त्यांच्या हातात देऊ नका.

देव न मानणारे कार्यकर्ते आले तर?

येऊ द्या. बालविवाह आणि जातपंचायतीवर गावात सगळ्यात जास्त काम बहुधा त्यांचंच असतं.

जेवण, वार, वेळ?

शुक्रवारची दुपार, रविवारची सकाळ, एकादशी आणि आठवडी बाजाराचा दिवस टाळा. रमजान असेल तर सकाळी घ्या. पिठलं, भाकरी, ठेचा, ताक; सगळ्यांनी एका पंगतीत. खर्च वर्गणीतून करा आणि पावत्या ठेवा, पुढं कोणी विचारलं तर दाखवायला.

आमच्यातलेच एक महाराज उभे राहिले तर?

उभं राहायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. वेरूळच्या मठाचे शांतिगिरी महाराज २००९ मध्ये औरंगाबादमधून आणि २०२४ मध्ये नाशिकमधून अपक्ष लढले, दोन्हीकडं निवडून आले नाहीत. मठाचा पसारा आणि मतांचा पसारा सारखा नसतो हे त्यातून दिसतं. अर्ज भरला की ते महाराज या बैठकीचे सदस्य राहत नाहीत, उमेदवार होतात. उमेदवाराला लागू असलेले सगळे नियम त्यांना, तसूभर सूट नाही. निकालानंतर जिंकले तरी हरले तरी परत या म्हणावं.

गैरप्रकार दिसला तर आम्ही तक्रार करायची का? उद्या गावात राहायचंय.

तुमच्या नावानं करायची सक्ती नाही. सी-व्हिजिल अॅपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकता येतो, नाव न देताही. शंभर मिनिटांत कारवाईची अपेक्षा असते. १९५० हा मदत क्रमांक आहे. हे अॅप लोकसभा-विधानसभेला चालतं. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथं तहसीलदार किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. पोच न घेतलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

व्हॉट्सअॅपवर फिरणारी "धर्मगुरूंचा आदेश" छापाची पत्रकं मात्र लगेच खोडून काढा. तुमच्या नावाची असली तर त्याच दिवशी, तुमच्या आवाजात, त्याच ग्रुपवर.

निकालानंतर काय?

निकालाच्या संध्याकाळी गुलाल कुठवर जाणार ते आधीच ठरवून घ्या. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीसमोर आणि हरलेल्याच्या दारासमोर डीजे बंद, रात्री दहाला सगळं बंद. हे पोलिसांच्या शांतता समितीत मांडायचंच, पण दोन्ही गटांतल्या पोरांना बोलावून तोंडीही सांगायचं. नावानं हाक मारून सांगणारे तुम्हीच आहात.

मग सहा महिन्यांनी तीच प्रश्नांची यादी घेऊन निवडून आलेल्याकडे जायचं. त्या वेळी त्याला सप्ताहाचं आमंत्रण सोबत नेऊ नका.